पिंपाचं झाकण

हिराजीदादा, तुला जाऊन अकरा दिवस झाले आणि मी अजून रडलेले नाही. सांगायला लाज वाटते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? आधीच बरंच बोलून झालंय.

काल बाळकुमला खाडीवर तुझा दहावा झाला. मी उभी होते. पायाखाली चिखल होता, भटजींचं धोतर चिखलात लोळत होतं, पलीकडे कुठल्याशा बिल्डरच्या पाटीवर निळा स्विमिंग पूल रंगवलेला होता. सगळं दिसत होतं, आत काही पोचत नव्हतं. डोंबिवलीला घरी आले, कुकर लावला, तीन शिट्ट्या मोजल्या, जेवले. मग आवरताना बघते तर मी फळीवरच्या प्रत्येक डब्यावर बोटाच्या पेराने टकटक करत होते. साखरेचा भरलेला, रव्याचा अर्धा, पोह्यांचा रिकामा. आमचे हे म्हणाले, "काय शोधतेस?" म्हटलं, "काही नाही." तुझी सवय आहे ती. मला कधी लागली कुणास ठाऊक.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी नाही हं तेवढी सोज्वळ. तू हट्टी होतास. स्वतः तंबाखू मळायचास आणि आम्हाला हात धुवायला पिटाळायचास. शेठ बोलत असला की मुद्दाम छताकडे बघायचास. आणि मी काही विचारलं की सरळ उत्तर देशील तर शपथ.

बाळकुमच्या त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा आले तेव्हा शेठने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "टाकीत उतरायचं काम आहे. बाई कशी उतरणार?" केमिस्ट्रीची पदवी होती माझ्याकडे, पण पदवीला शिडी चढता येते का, असा त्याचा चेहरा. तू कोपऱ्यात काचेची मॅट कापत बसला होतास. मान वर न करता म्हणालास, "उतरंल की. आमच्या बायका मांडीभर चिखलात उतरून निवट्या धरतात. तुमची टाकी तर कोरडी हाय." शेठने मला सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं. जाताना वर ऐकवलंच, "एक चूक झाली की बाईमाणसाचा प्रयोग बंद." त्या शेडमध्ये मी एकटी बाई, आणि पुढे कितीतरी वर्षं एकटीच.

पहिल्या आठवड्यात मी तुला "हिराजीराव, तुम्ही" म्हणत होते. तू वैतागलास. "तुमी म्हनलीस की मना भाडेकरू झाल्यासारखं वाटतं. माझ्या बहिनी मना तू म्हनतात." तेव्हापासून तू दादा आणि मी बाय. बाकीच्यांची मॅडम, तुझी बाय.

काम तूच शिकवलंस. कॉलेजात मी रेझिनची सूत्रं लिहीत होते. ते अंगाला, केसांना, चपलेला कसं चिकटतं ते तुझ्याकडे कळलं. लोखंडाच्या टाकीत अ‍ॅसिड भरायचं तर आतून अस्तर हवं. काचेच्या तंतूंची मॅट, वर रेझिन, परत मॅट, परत रेझिन, रोलर फिरवून हवा काढायची, आणि सगळं वाळून एकजीव झालं पाहिजे. अस्तराने लोखंडाला असं धरायचं की मध्ये वारासुद्धा शिरू नये. शिरला की संपलं. तू म्हणायचास, "अ‍ॅसिडला दार नको, बाय, फट पुरते."

आणि तेल. तेलाचं नाव काढलं की तू देवीच अंगात आल्यासारखा व्हायचास. त्याचं कारण तू मला पहिल्या पावसाळ्यात सांगितलंस, शेडच्या दारात चहा पिताना, स्वतःवरच हसत. तुझ्या बापाची होडी होती. शेडमध्ये उरलेली मॅट आणि रेझिन मागून नेऊन तू उन्हाळ्यात होडी पालथी घालून बाहेरून फायबर चढवलंस. गावभर मिरवलास, आता हिला किडा लागणार नाय, पानी लागणार नाय. आणि दिवाळीला ते अख्खं कवच भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं सुटून हातात आलं. पन्नास वर्षं त्या लाकडाला दर मोसमात माशाचं तेल पाजलेलं. तेलावर रेझिन बसतंय कुठलं! तुझा बाप म्हणाला, "पोरा, होडीनं तुजा कोट नाय घातला." बापाला किती हसू आलं ते सांगताना तुझ्या डोळ्यांत पाणी आलेलं.

मग काय, शेडमध्ये कायदा. डोक्याला तेल असेल तर टोपी. वडा खाल्लास तर दोनदा साबण आणि राख. एकदा शेठचाच हात तू हुंगलास आणि त्याला मॅटपासून लांब उभं केलंस. शेठ "अरे, मी मालक आहे!" म्हणाला, तर तू म्हणालास, "मालक हाव, पन फरसान खाल्लाय."

म्हणजे मला कायदा माहीत नव्हता असं मी म्हणूच शकत नाही. हेच तर.

आपलं भांडण वेगळंच होतं, कानाचं आणि मशीनचं. मी एक तपासणीचं यंत्र आणवलेलं. अस्तरावरून त्याचा ब्रश फिरवायचा, सुईएवढं भोक असेल तिथे ठिणगी उडते. मी त्याच्यावर फार खूश होते. तू मात्र बंद्या रुपयाने वाजवत वाजवत अख्खी टाकी फिरायचास, डोळे मिटून. खणखणीत वाजलं की पुढे. बद्द वाजलं की खडूने फुली. "तुजं मशीन भोक बगतं, बाय. मी पोकल बगतो." मी म्हणायचे, "कानाचा आकडा लिहून देता येतो का पार्टीला?" तू म्हणायचास, "नाय. म्हनून पार्टी तुना विचारते, मना नाय." हे भांडण आपण शेवटपर्यंत केलं. संपलं नाही. आता तू वॉकओव्हर देऊन गेलास, पण जिंकल्यासारखं मुळीच वाटत नाही.

आता आंबिवलीच्या टाकीचं.

तिथल्या एका कारखान्यात टाकी होती, आपल्याकडची तोपर्यंतची सगळ्यात मोठी. आपण जागेवर जाऊन अस्तर चढवलं. मॅट कापताना काचेची कुसं अंगात शिरून माझे हात आठवडाभर आगीसारखे खाजत होते. हातमोजे होते, पण सगळे पुरुषी मापाचे. माझ्या हातात ते पिशवीसारखे लोंबायचे आणि कुसं आत शिरून तिथेच मुक्काम करायची. त्यात माझी उजवी करंगळी, लहानपणी दारात चेंगरून कायमची वाकडी झालेली, ती कुठल्याच मोज्यात धड जायची नाही. तू चिडवायचास, "करंगली वाकडी नि बोलनं सरल, उलटं असतं तर बरं झालं असतं." लहान मापाचे मोजे मागितले की शेठ म्हणायचा, एका माणसासाठी कुठे डझन घेऊ.

त्या दिवशी दुपारी मला सहन होईना. डब्याच्या पिशवीत आईने दिलेली खोबरेल तेलाची बाटली होती, आमच्या देवगडच्या घरची. मी नळामागे जाऊन दोन्ही हातांना तेल चोळलं. इतकं बरं वाटलं, दादा, की काय सांगू. मग फडक्याने पुसलं आणि वाटलं, गेलं.

नंतर टाकीत उतरले. लोखंड घासून, प्रायमर मारून तयार होतं. पांढरं फडकं फिरवून बघायचं काम माझं. फडकं स्वच्छ आलं. मी कागदावर सही केली, पृष्ठभाग कोरडा आणि स्वच्छ. आणि वर चढून मॅनहोलमधून बाहेर पडताना तोल गेला म्हणून कडेजवळ आतून हात टेकला. उजवा. पूर्ण तळहात. सही करून झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी तुम्ही अस्तर चढवलंत. वाळल्यावर माझं मशीन फिरलं, एक ठिणगी नाही. तू रुपया वाजवत मॅनहोलशी आलास आणि थांबलास. परत वाजवलंस. "बाय, हितं बद्द हाय." मी म्हटलं, "कडेला लोखंड दुहेरी आहे, आवाज बदलणारच. मशीन ओके म्हणतंय." खरंच तसं वाटलं का मला? आठवत नाही. एवढंच आठवतं, की तू खडू काढलास, माझ्याकडे बघितलंस आणि खडू परत खिशात ठेवलास. "तू शिकलेली. तू म्हनतेस तर."

चार महिने गेले. रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची आणि रस्ते ओस पडायचे, त्या काळातली गोष्ट. सोमवारी आंबिवलीहून फोन आला, टाकी गळतेय, मॅनहोलच्या कडेला. कडेच्या फटीतून अ‍ॅसिड आत शिरलं, अस्तरामागे पसरलं आणि त्याने लोखंडाला भोक पाडलं. माणसाला काही झालं नाही, नशीब. मॅनहोलची कडा, एवढे शब्द ऐकले. मला त्याच क्षणी कळलं होतं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

टाकी धुऊन घेतल्यावर तू एकटा आत गेलास. कुणाला बरोबर घेतलं नाहीस. आतून ग्राइंडरचा आवाज कितीतरी वेळ येत होता. बाहेर आलास तेव्हा काखेत कापलेला तुकडा होता, गोणपाटात गुंडाळलेला. शेठने विचारलं, "काय झालं?" तू म्हणालास, "ओल राहिली. चूक माझी."

"मॅडमने तपासलं होतं ना?"

"मॅडमनी तपासलं तवा साफ होतं. मागाहून मीच हात टेकला, ओला."

शेठ माझ्याकडे वळला. मी तोंड उघडलं. तू छताकडे बघत होतास, नेहमीसारखा. वर छत नव्हतं, आभाळ होतं. मला एवढंच बोलायचं होतं: तेल माझं होतं. तीन शब्द. मला शेठचा प्रयोग बंद होताना दिसला, घरी परत आलेली मी दिसले, आणि मी तोंड मिटलं. घाबरले. याला दुसरा शब्द नाही.

तुला टाकीवरून काढलं. मागच्या शेडमध्ये पाठवलं, बेसिनं, संडासाची दारं आणि बागेतल्या खुर्च्या करायला. ज्याच्या हातच्या अस्तरात अ‍ॅसिड वर्षानुवर्षं निमूट बसायचं, तो माणूस खुर्च्यांना पोपटी रंग देत बसला. तू एका शब्दाने कुरकुरला नाहीस. नवरात्रात टेंभी नाक्याच्या मांडवासाठी फायबरचे खांब केलेस, तेव्हा मला मुद्दाम दाखवायला नेलंस. लोक देवीला हात जोडत होते आणि तू हळूच खांबांना टिचकी मारून बघत होतास. "खनखनीत," म्हणालास. मी हसले. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आणि ते गुलाबी मोजे! तुकडा कापून आणलास त्याच्या पुढच्याच आठवड्यात तू माझ्या टेबलावर एक पुडी टाकलीस. ठाण्याच्या बाजारातून आणलेले, भांडी घासायचे, लहान मापाचे. "घाल. खाजनार नाय." मला वाटलं, किती मायाळू आहे हा माणूस. ज्याचं सगळं माझ्यामुळे गेलं तो माझ्या हातांची काळजी करतोय, आणि त्याला बिचाऱ्याला काही माहीतही नाही. असं वाटलं मला. बिचारा, म्हणे!

मी सांगणार होते. दर नारळी पौर्णिमेला तुझ्या घरी यायचे, जनीवहिनी नारळीभात वाढायची, आणि मग तू नि मी दाराशी बसायचो. वापरायच्या पाण्याचं पिंप होतं तिथे, त्याच्या झाकणावर आपण चहाचे पेले ठेवायचो. फायबरचं झाकण, तूच कापलेलं, जरासं खोलगट आणि एका बाजूला चावा घेतल्यासारखं गोल तुटलेलं. मी दरवर्षी टोमणा मारायचे, "एवढा मोठा कारागीर, नि घरच्या पिंपाला धड झाकण नाही. पाल पडेल आत." तू म्हणायचास, "पडू दे. हाय तसंच बरं हाय." दरवर्षी मी मनात वाक्य जुळवून यायचे आणि चहा पिऊन परत जायचे. एकदा तर "दादा, ते आंबिवलीचं" इथपर्यंत आले. तू म्हणालास, "भंगारात गेली ती टाकी. भात घे अजून."

हॉस्पिटलात शेवटचं भेटले तेव्हा तुला धाप लागत होती. मी उशाशी बसले होते. तू बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होतास. मग म्हणालास, "हात खाजतात काय गं अजून?" मी म्हटलं, "नाही रे. आता कुठे." तू "बरं" म्हणालास आणि भिंतीकडे मान वळवलीस. मला वाटलं, दमलास. पदर सावरला आणि घरी आले.

काल दहावा झाल्यावर निघाले तर वहिनीने हाक मारली. पिंपावरचं झाकण काढून जुन्या चादरीत बांधून ठेवलेलं. "हे घेऊन जा. मी गेल्यावर बायला दे म्हनाले." म्हटलं, "वहिनी, झाकण काय करू मी?" तर म्हणाली, "मी पन तेच बोलले. झाकन कोन देतं का कुनाला? तर म्हने, तिचंच हाय." मग ती चादरीवरून हात फिरवत म्हणाली, "मना बाय करमनार नाय याच्याशिवाय. आतल्या बाजूनं देवीचा हात हाय ना. मी विचारलेलं त्याला, हा हात कोनाचा, तर म्हनाला, देवीचा. पिंप आटत नाय त्यानं. दर पुनवेला कुंकू लावायची मी."

मला काही कळलं नाही. कळायच्या अवस्थेतच नव्हते. रिक्षात मांडीवर घेतलं, घरी आणून दाराआड उभं केलं, आणि कुकर लावला.

आज दुपारी चादर सोडली. वरची बाजू ओळखीची, गुळगुळीत, चहाच्या पेल्यांच्या वर्तुळांची. मी तो गोल चावा पाहिला आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की हा चावा मॅनहोलचा आहे. मग ते उलटं केलं.

मागच्या बाजूला सगळीकडे तांबडा प्रायमर, लोखंडावरून उपटून आलेला, खरखरीत. जिथे अस्तराने घट्ट धरलं होतं तिथे प्रायमर सोबत आला. आणि कडेजवळ, जिथे धरलंच नव्हतं, तिथे चकचकीत काचेसारखा एक तळहात. लहान. पाच बोटं. करंगळी बाहेर वाकडी. वर कुंकवाचे थर, वर्षावर्षांचे.

मी हात ठेवला. बोटाला बोट बसलं.

म्हणजे तू टाकीत ग्राइंडर बंद करून तुकडा उलटा केलास, त्याच क्षणी तुला कळलं. अख्ख्या शेडमध्ये एवढा हात कुणाचा होता? म्हणून एकटा गेलास आत. म्हणून गोणपाट. बारा वर्षं तू माझ्यासमोर त्याच्यावर चहा ठेवत होतास आणि वाट बघत होतास, की ही कधी बोलते. नाहीतर वाटही बघत नसशील, नुसताच चहा पीत असशील. आता कुणाला विचारू? सरळ उत्तर तू जिवंतपणी दिलं नाहीस. हॉस्पिटलात मात्र तू मला दार उघडून दिलं होतंस रे. हात खाजतात का, विचारलंस. मी उंबऱ्यावरून परत फिरले.

मला राग आलाय तुझा. दिसायचं नाही का तुला, की मी दरवर्षी ते ओझं घेऊन येते आणि घेऊन जाते? एकदा, फक्त एकदा झाकण उलटं करायचंस. शिवी द्यायचीस. मी तुझ्या पायाशी बसून भोकाड पसरलं असतं आणि सुटले असते. तू मला वाचवलंस, दादा, आणि सुटू मात्र दिलं नाहीस. यासाठी तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. पण मानते. माझी नोकरी, माझं नाव, आज माझ्या हाताखाली टाकीत उतरणाऱ्या दोन मुली, त्यांचे लहान मापाचे डझनभर मोजे, हे सगळं त्या खोट्या एका वाक्यावर उभं आहे. मीच हात टेकला, म्हणालास.

तेल माझं होतं, दादा. हे बघ, म्हटलं. किती सोपं होतं.

आणि खाजतात. अजून खाजतात. रात्री नाही, दिवसाच, भांडी घासताना.

उद्या सकाळी झाकण परत घेऊन जाणार आहे. पिंप उघडं पडलंय तिथे. ते उलटं ठेवणार, तळहात वर येईल असं. आणि वहिनी कुंकवाची डबी घेऊन आली की तिचा हात धरून तिला सांगणार आहे, हा देवीचा नाही.